जुन्या ड्रॉइंगमध्ये व्हॉल्व्ह किती?

पडद्यावर दिसतो तो व्हॉल्व्ह आणि फाइलमध्ये नोंदलेला असतो तो व्हॉल्व्ह एकच, असं धरून चाललं की जुन्या ड्रॉइंगमधली मोजणी हमखास फसते. प्रिंट काढून टिकमार्क करत मोजले तर एकवीस भरतात, आणि ऑटोकॅडला, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या प्रोग्रॅमला, विचारलं तर तो पंधरा सांगतो. प्रोग्रॅम खोटं बोलत नसतो. तो वेगळंच काहीतरी मोजत असतो. ते काय, हे कळायचं तर ड्रॉइंग काढणाऱ्याने प्रत्येक व्हॉल्व्ह तिथे कसा ठेवला होता, इथपर्यंत जावं लागतं.

उदाहरणाला पंपहाउसचं एक पाइपिंग ड्रॉइंग घेऊ. ८० एनबीचे (८० मिलिमीटर नाममात्र व्यासाचे) गेट व्हॉल्व्ह, काही एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारे व्हॉल्व्ह), तीन पंपांचे संच, एक हेडर (बाकीचे पाइप जोडलेला मुख्य पाइप), कडेला लेजेंड (चिन्हांच्या अर्थांची यादी) आणि खाली टायटल ब्लॉक. असली ड्रॉइंगं कन्सल्टंटांच्या ऑफिसात, साखर कारखान्यांच्या इंजिनिअरिंग खात्यात, पाणीपुरवठ्याच्या ठेकेदारांकडे वर्षानुवर्षं पडून असतात आणि प्लांट वाढवायचं निघालं की एकदम सगळ्यांना हवी होतात. काढणारा ड्राफ्ट्समन तोवर दुसरीकडे गेलेला असतो. त्याने मागे ठेवलेलं सूचिपत्र म्हणजे ब्लॉकना, एकदा काढून पुन्हापुन्हा ठेवलेल्या चिन्हांना, दिलेली नावं, बस. म्हणून शोध नेहमी नावापासून सुरू करावा. झूम करून डोळ्यांनी शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि हाती जे लागतं त्याची खात्री देता येत नाही.

त्याआधी फाइल कुठल्या काळातली आहे ते पाहावं. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, नोटपॅडमध्ये उघडली तर सगळा कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. एसी१००९ (AC1009) म्हणजे ऑटोकॅडचं रिलीज ११ किंवा १२, एसी१०१२ म्हणजे १३, एसी१०१४ म्हणजे १४. पुढे एसी१०१५ हा २००० ते २००२ चा, एसी१०१८ हा २००४ ते २००६ चा, एसी१०२१ हा २००७ ते २००९ चा, एसी१०२४ हा २०१० ते २०१२ चा, एसी१०२७ हा २०१३ ते २०१७ चा आणि एसी१०३२ हा २०१८ पासूनचा फॉरमॅट. यावरून फाइल शेवटची कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह झाली एवढंच कळतं. डॉसच्या जमान्यात काढलेलं ड्रॉइंग कुणी २०१८ मध्ये उघडून सेव्ह केलं असेल तर त्यावर नवाच शिक्का दिसेल. मात्र आतली नावं वय लपवत नाहीत. रिलीज १४ पर्यंत ब्लॉकच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा होती, मधे जागा सोडता येत नव्हती आणि सगळं कॅपिटलमध्ये जायचं. २००० पासून २५५ अक्षरं आणि मोकळ्या जागाही चालू लागल्या. त्यामुळे ‘जीटीव्हीएलव्ही८०’ असं आखडून लिहिलेलं नाव दिसलं की ते जुन्या हाताचं, आणि ‘गेट व्हॉल्व्ह ८० एनबी क्लास १५०’ असं ऐसपैस नाव असलं तर नंतरचं, असा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो.

फाइलची प्रत करा, मूळ फाइल रीड-ओन्ली करा, आणि शोध संपेपर्यंत पर्ज ही कमांड द्यायची नाही. जुनी फाइल हातात आली की आधी पर्ज मारून हलकी करायची, ही सवय आपल्याकडे घट्ट बसलेली आहे आणि शोधाच्या कामात ती घातक आहे. ब्लॉकची व्याख्या आणि ड्रॉइंगमध्ये ठेवलेले त्याचे नग या फाइलमध्ये दोन वेगळ्या नोंदी असतात. एखाद्या रिव्हिजनमध्ये स्ट्रेनर काढून टाकला, तरी त्याची व्याख्या फाइलमध्ये तशीच राहते. पर्ज नेमकं तेच झाडून टाकतं. जे शोधायला निघालो ते आपणच कचऱ्यात घालतो.

फोल्डरभर ड्रॉइंगं असतील तर डिझाइन सेंटर हा सगळ्यात सरळ रस्ता. ऑटोकॅड २००० पासून तो आहे आणि आजही कंट्रोल आणि २ दाबलं की उघडतो. वरच्या पट्टीतलं सर्च घ्यायचं, ‘लुक फॉर’मध्ये ब्लॉक्स निवडायचं, ‘इन’मध्ये फोल्डर द्यायचा, उपफोल्डरची टिक लावायची आणि नावाच्या दोन्ही बाजूंना तारांकन देऊन शोधायचं. एकाच नावावर थांबू नये. गेट व्हॉल्व्हसाठी ‘जीव्ही’, ‘गेट’, ‘व्हीएलव्ही’ आणि ‘व्हॉल्व्ह’ ही चारही इंग्रजी रूपं चालवून बघावीत, आणि ‘स्लुइस’ही. पाणीपुरवठ्याच्या कामात गेट व्हॉल्व्हला स्लुइस व्हॉल्व्ह म्हणणारे बरेच असतात. हा शोध ड्रॉइंग न उघडता व्याख्यांची यादी चाळतो, म्हणजे एकही नग न ठेवलेला ब्लॉकही सापडतो.

मग यादीत भलतीच नावं भेटतात. ‘एएए’, ‘एएसडी’, ‘१’, ‘न्यूब्लॉक’. घाईच्या दिवशी कीबोर्डवर बोटं पडली ते नाव. यांचा अर्थ लावायचा प्रयत्न सोडून प्रिव्ह्यूच पाहावा. ‘ए$सी’ने सुरू होऊन पुढे आकडे-अक्षरांची माळ असेल तर तो ‘पेस्ट ॲज ब्लॉक’चा प्रताप. कंट्रोल-शिफ्ट-व्ही केल्यावर ऑटोकॅड स्वतः असं नाव ठेवतो आणि त्याच्या पोटात अख्खा पंपाचा संचही असू शकतो. नावात ‘$०$’ असेल तर तो ब्लॉक एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग फाइल) बाइंड करून, म्हणजे कायमची सामावून घेऊन, आत आलेला आहे, आणि त्या खुणेच्या डावीकडे मूळ फाइलचं नाव असतं. ही खूण फार कामाची. ‘पंपहाउस२$०$जीव्ही८०’ असं दिसलं तर पंपहाउस२ नावाची फाइल कधीतरी होती हे जवळजवळ नक्की, आणि ती सर्व्हरवर कुठेतरी सापडायची शक्यता असते.

आता मोजणी. आपल्या ड्रॉइंगवर बीकाउंट चालवलं आणि गेट व्हॉल्व्हसमोर पंधरा आले असं धरू. एक्स्प्रेस टूल्समधली ही जुनी कमांड थेट ठेवलेले नग मोजते. यातले चौदा सुटे आहेत आणि एक एमइन्सर्ट आहे. सुट्या चौदांपैकी एक लेजेंडमध्ये खुणेपुरता काढलेला आहे, तो खरेदीत धरायचा नाही. हा एक नग अनेक बीओक्यूंत (कामातल्या नगांच्या यादीत) पाहुण्यासारखा घुसून बसलेला असतो. आणखी दोन नग दुसऱ्या दोन नगांच्या नेमके वर बसलेले आहेत, कारण कुणीतरी त्याच बेसपॉइंटला पुन्हा पेस्ट केलंय. पडद्यावर ते कधीच दिसणार नाहीत. राहिले अकरा.

एमइन्सर्ट म्हणजे एकाच नोंदीत रांगा आणि स्तंभ देऊन ठेवलेला ब्लॉक. हेडरवरचे चार व्हॉल्व्ह एक रांग, चार स्तंभ असे ठेवले असतील तर दिसतात चार, नोंद एक. हा एक्स्प्लोड होत नाही, म्हणजे फोडून सुट्या रेषा करता येत नाहीत, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच जुन्या फाइलींत तो शाबूत राहिलेला असतो. लिस्ट कमांडने रांगा-स्तंभ कळतात. अकरा आणि चार, पंधरा. आकडा योगायोगाने पुन्हा पंधराच आला, आणि असे योगायोगच माणसाला गाफील ठेवतात.

कारण तीन पंपांचे संच अजून मोजलेलेच नाहीत. पंप, सक्शनचा व्हॉल्व्ह, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही मिळून एक ब्लॉक केलेला आहे, त्याचं नाव ‘पंपसेट’. संच तीन, प्रत्येकात गेट व्हॉल्व्ह दोन, म्हणजे सहा. हे सहाही बीकाउंटला दिसत नाहीत आणि क्विक सिलेक्टलाही (गुणधर्मावरून वस्तू निवडणाऱ्या साधनाला) दिसत नाहीत, कारण दोघंही ब्लॉकच्या पोटात शिरत नाहीत. अकरा, चार आणि सहा, एकवीस. प्रिंटवर टिकमार्क करणारा माणूस बरोबर होता, पण त्याला का ते सांगता आलं नसतं, आणि संचाच्या आत अजून एक संच असता तर त्याचीही तारांबळ उडाली असती.

पोटातलं पाहायला एक्सलिस्ट आहे. ब्लॉकमधल्या कोणत्याही रेषेवर क्लिक केलं की ती कोणत्या ब्लॉकची, कोणत्या लेयरची (ड्रॉइंगच्या थराची), ते सांगते. पूर्ण हिशेबासाठी डेटा एक्स्ट्रॅक्शन घ्यावं, आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ब्लॉकच्या आतले ऑब्जेक्ट आणि एक्सरेफमधले ऑब्जेक्ट या टिका स्वतः तपासाव्यात. फक्त मॉडेल स्पेस (जिथे प्रत्यक्ष ड्रॉइंग काढतात) की सगळं ड्रॉइंग, हेही तिथेच ठरतं. २०२२ पासून काउंट नावाची कमांड आली आहे. ती एकावर एक बसलेल्या नगांकडे बोट दाखवते, तेवढ्या कामासाठी तिचं ऋण मान्य करायला हवं. गोठवलेल्या, म्हणजे लपवून ठेवलेल्या, लेयरचं मात्र कुणीच आपणहून सांगत नाही. ‘ओल्ड’ किंवा ‘टेम्प’ नावाच्या लेयरवर मागच्या रिव्हिजनचं अख्खं पाइपिंग गोठवून ठेवलेलं असतं आणि सगळं ड्रॉइंग धुंडाळणारी लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) तेही मोजून टाकते. मोजणीआधी लेयरची यादी वाचावी.

२००६ नंतरच्या फाइलींत आणखी एक चकवा आहे. डायनॅमिक ब्लॉक ठेवून त्याची ग्रिप (ओढायची खूण) ओढली, साइज ८० वरून १०० केली, की त्या नगाचं फाइलमधलं नाव बदलतं. ते तारांकन, यू आणि एक आकडा असं निनावी होतं. प्रॉपर्टीजमध्ये मूळ नाव दिसत राहतं, पण नावावर चाळणी लावणाऱ्या साध्या लिस्पला हे नग सापडत नाहीत. लिस्पमध्ये मूळ नावासोबत तारांकन-यूची सगळी नावंही उचलायची आणि प्रत्येकाचं ‘इफेक्टिव्ह नेम’ तपासून नको ते गाळायचं, हा त्यावरचा रुळलेला इलाज. चाळणीत ते तारांकन वाइल्डकार्ड समजलं जाऊ नये म्हणून त्याच्याआधी उलटं अवतरणचिन्ह, म्हणजे बॅककोट, द्यायला विसरू नये. २०१२ मध्ये आलेल्या असोसिएटिव्ह ॲरेही (ओळीने मांडलेल्या, नंतर बदलता येणाऱ्या प्रती) अशाच निनावी ब्लॉकमध्ये साठवल्या जातात, म्हणून ॲरेमधले नगही याच खड्ड्यात पडतात.

नाव सापडलं, संख्या जुळली, तरी व्हॉल्व्ह कुठल्या मेकचा, पार्ट नंबर काय, हे प्रश्न उरतात. उत्तर बहुधा त्याच ब्लॉकमध्ये, पण अदृश्य ॲट्रिब्यूटमध्ये (ब्लॉकला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात) असतं. जुने चांगले ड्राफ्ट्समन ड्रॉइंग स्वच्छ दिसावं म्हणून टॅग (व्हॉल्व्हचा क्रमांक) तेवढा दाखवायचे आणि बाकीचं इनव्हिजिबल ठेवायचे. ॲटडिस्प ही कमांड देऊन ‘ऑन’ करा. सगळ्या ड्रॉइंगवर मेक, मटेरियल, रेटिंग उगवून येतं. पाहून झालं की ‘नॉर्मल’ करा, नाहीतर प्रिंटवर तो पसारा उमटेल. एक अपवाद लक्षात ठेवायचा. कॉन्स्टंट ॲट्रिब्यूट नगाबरोबर साठवलं जात नाही, ते व्याख्येत असतं. एक्स्ट्रॅक्शनच्या तक्त्यात एखादा रकाना रिकामा आला तर ब्लॉक एडिटरमध्ये जाऊन बघावं.

एक्सरेफ हरवलेले असणं हे जुन्या फाइलींचं नित्याचं दुखणं. मार्ग कुणाच्या तरी जुन्या मशीनच्या डी ड्राइव्हचा असतो. इलाज सोपा आहे. हरवलेली फाइल सापडली की मुख्य ड्रॉइंगच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि रीलोड करायचं. ऑटोकॅड तिथेही पाहतो. बाइंड करायची वेळ आली तर ‘बाइंड’ निवडावं, ‘इन्सर्ट’ नको. ‘इन्सर्ट’मध्ये नावापुढची फाइलची खूण पुसली जाते आणि सारख्या नावाचे दोन वेगळे व्हॉल्व्ह एकात मिसळतात.

शंभर-दोनशे फाइली असतील तर ऑटोकॅडच्या बाहेर पडणं बरं. ओपन डिझाइन अलायन्सचा फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो. इनपुट फोल्डर, आउटपुट फोल्डर, फॉरमॅट डीएक्सएफ, उपफोल्डरची टिक, एवढं दिलं की तो सगळं बदलून देतो. डिस्कवर जागा मोकळी ठेवा, डीएक्सएफ मूळ फाइलीच्या कित्येक पट फुगते. पण ती साधी मजकुराची फाइल असते आणि नोटपॅडमध्ये वाचता येते. एक ओळ कोडची, पुढची ओळ मूल्याची, अशा जोड्या. शून्य या कोडखाली ‘इन्सर्ट’ दिसलं की तिथून एक नग सुरू होतो. मग २ खाली ब्लॉकचं नाव, १०, २० आणि ३० खाली जागा, ४१, ४२ आणि ४३ खाली तिन्ही दिशांचे स्केल, ५० खाली कोन. ७० किंवा ७१ खाली एकापेक्षा मोठा आकडा असेल तर तो आपला एमइन्सर्ट. ४१ खाली उणे एक असेल तर व्हॉल्व्ह मिरर केलेला आहे. आता विंडोजची फाइंडस्ट्र कमांडसुद्धा शंभर फाइलींत नाव शोधून देते. पोटातले नगही मोजायचे असतील तर पायथनची ईझेडडीएक्सएफ लायब्ररी घेऊन, प्रत्येक इन्सर्ट भेटला की त्याच्या व्याख्येत शिरायचं आणि तिथल्या इन्सर्टना बाहेरच्या संख्येने गुणायचं, एवढी छोटी स्क्रिप्ट पुरते. ग्राफिक्सची खिडकी न उघडता ऑटोकॅडचाच कोअर कन्सोल, जो २०१३ पासून सोबत येतो, बॅच फाइलमधून चालवणारेही आहेत.

महाराष्ट्रातल्या फाइलींत शोध अडतो तो बऱ्याचदा मराठी मजकुरापाशी. टायटल ब्लॉकमध्ये गावाचं, योजनेचं नाव श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतं. फाँट असलेल्या मशीनवर ते देवनागरी दिसतं, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. युनिकोडमध्ये ‘जलशुद्धीकरण’ टाइप करून फाइंड दिलं तर काही सापडणार नाही. एका ड्रॉइंगमध्ये तो शब्द डोळ्यांनी शोधावा, प्रॉपर्टीजमधून त्याची कच्ची चिन्हं कॉपी करावीत आणि तीच फाइंडच्या चौकटीत चिकटवावीत. त्याच फाँटमधली बाकीची ड्रॉइंगं पटापट हाती लागतात. फाँट हरवलेला असेल तर उलट सोय होते, कारण कच्ची चिन्हंच समोर दिसतात.

एक्स्प्लोड केलेल्या व्हॉल्व्हपुढे मात्र हे सगळे उपाय थिटे पडतात. रेषा उरतात, नाव जात राहतं. अशा वेळी दोन गोष्टी धराव्यात. पहिली, शेजारचा टॅग. फाइंडमध्ये वाइल्डकार्ड चालू करून ‘जीव्ही’ आणि पुढे तारांकन शोधलं, मजकुराबरोबर ॲट्रिब्यूटचीही टिक ठेवली, तर टॅग मोजता येतात. दुसरी, भूमिती. ८० एनबी, क्लास १५० (दाबाचा दर्जा) च्या फ्लँजचा, म्हणजे बोल्टने जोडायच्या गोल चकतीचा, बाहेरचा व्यास १९० मिलिमीटर, बोल्टची भोकं चार, प्रत्येकी १९ ची. समोरून काढलेल्या दृश्यात १९० व्यासाची वर्तुळं मोजली की फ्लँज मोजले जातात. क्विक सिलेक्टमध्ये ‘बरोबर १९०’ मागितलं तर दशांशाच्या सातव्या घरात घसरलेली वर्तुळं सुटतात. जुनी फिल्टर कमांड इथे उजवी, तिच्यात त्रिज्या ९४.९ पेक्षा मोठी आणि ९५.१ पेक्षा लहान अशा दोन अटी एकत्र देता येतात.

सापडलेला ब्लॉक नव्या ड्रॉइंगमध्ये नेताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नावामुळे. नव्या ड्रॉइंगमध्ये ‘जीव्ही८०’ नावाचा ब्लॉक आधीच असेल, तर कॉपी-पेस्ट केलेल्या जुन्या ‘जीव्ही८०’ची व्याख्या मुकाट्याने टाकून दिली जाते आणि नवीच व्याख्या तिथे बसते. चूक लक्षात येते ती फॅब्रिकेशनला गेल्यावर. जुन्या फाइलमध्येच रीनेम देऊन नावामागे प्रोजेक्टचा नंबर जोडावा, मग डब्ल्यूब्लॉकने वेगळ्या फाइलमध्ये काढावा, मगच न्यावा.

आणि एकक तपासावं. ऑटोकॅड २००० च्या आधीच्या फाइलींत ब्लॉकच्या एककाची नोंदच नसते, त्यामुळे इन्सर्ट करताना तो किती पट होईल हे आपल्या मशीनवरच्या डिफॉल्ट सेटिंगवर ठरतं, आणि २५.४ पटीचे व्हॉल्व्ह तिथूनच जन्माला येतात. ठेवल्यावर फ्लँज ते फ्लँज अंतर मोजायचं. ८० एनबी, क्लास १५० गेट व्हॉल्व्हचं हे अंतर २०३ मिलिमीटर. २०३ आलं तर ठीक, ८ आलं तर मूळ ड्रॉइंग इंचात, ०.२०३ आलं तर मीटरमध्ये, आणि ५१५६ च्या आसपास आलं तर इंच समजून आणखी गुणाकार झालेला आहे. अंतर नेमकं १ आलं तर एककात काही बिघाड नाही. ज्याने तो ब्लॉक केला त्याने एका एककाची खूण काढून मोजमाप इन्सर्टच्या स्केलमध्ये ठेवलं होतं, आणि साइज वाचायची तर जुन्या ड्रॉइंगमधल्या प्रत्येक नगाचा एक्स स्केल वाचावा लागेल.